विसाव्यावरून मागे

१

झालेली गोष्ट पुन्हा करून बघायची, ही खोड माणसाच्या जातीला मुळात नाही. पोटभर जेवलेला माणूस हात धुऊन परत पाटावर बसत नाही, आणि लागलेलं लग्न कुणी दुसऱ्या दिवशी नव्याने लावत नाही. ही खोड लागली ती सिनेमावाल्यांना. नट ढसाढसा रडतो, बघणाऱ्यांचे डोळे भरून येतात, आणि कॅमेऱ्यामागून कुणीतरी म्हणतं, बरं होतं, परत घेऊ. की लागला तो पहिल्यापासून रडायला. त्यात वाईट काही नाही, धंदाच तसा. पण काही गोष्टी परत घ्यायच्या नसतात, आणि त्या कुठल्या हे कुणाला शिकवावं लागत नाही. नरहरी सबनीस आणि त्याची मंडळी यांना ते ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्या वेळी आठवलं नाही, एवढंच.

साल १९२७, नाताळची सुट्टी. मुंबईच्या एका चित्रशाळेतली सात पोरं कर्जतला गाडीतून उतरली, बैलगाडीत सामान टाकलं आणि पळसदरीच्या अंगाला एका लहानशा वाडीत कोंडाजी नावाच्या शेतकऱ्याच्या पडवीत येऊन राहिली. सामान म्हणजे पेस्तनने मामाकडून मागून आणलेला लाकडी कॅमेरा, त्याची तीन पायांची घोडी, फिल्मचे डबे, आणि चांदीचा कागद चिकटवलेले मोठाले पुठ्ठे. ऊन त्या पुठ्ठ्यावर घ्यायचं आणि तिथून नटाच्या तोंडावर पाडायचं. चित्र मुकं, लहानसं आणि विनोदी. एक तरणा शेतकरी भांगेच्या गुंगीत निपचित पडतो, गाव त्याला मेला समजून तिरडीवर घालतं, वाटेत विसाव्याला तिरडी टेकवली की हा उठून बसतो आणि पाणी मागतो. खांदेकरी धूम ठोकतात. गोष्ट नरहरीने लिहिली होती, आणि लिहिताना स्वतःच पोट धरून हसला होता.

पहिले दिवस मजेत गेले. सकाळी धुकं असेपर्यंत कॅमेरा काढायचा नाही, तोवर कोंडाजीची बायको सोनुबाई देईल तो गुळाचा चहा प्यायचा. ऊन वर आलं की पेस्तन घोडी रोवणार, नरहरी पत्र्याचा भोंगा तोंडाला लावून ओरडणार, "चालू!", आणि पेस्तन तोंडातल्या तोंडात कसलंसं गाणं गुणगुणत त्या ठेक्यावर हँडल फिरवणार. गाणं थांबलं की हँडल थांबलं. दुपारी तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ. तिकडे घाटाखाली गाडीला मागून इंजिनं जोडत, ती धापा टाकत वर चढत, आणि ती खंडाळ्याला पोचेपर्यंत तो आवाज पडवीत बसल्या बसल्या ऐकू येई.

२

तिरडी बांधायचं काम त्रिंबककडे आलं, कारण हाताचा कसबी तोच. कागदाची फुलं म्हणा, पुठ्ठ्याचं देऊळ म्हणा, सगळं त्याच्याच गळ्यात. पण या वेळी नरहरीने त्याला बाजूला घेऊन विचारलं की तुला चालेल ना, नाहीतर वामन बांधेल. त्रिंबक म्हणाला, चालेल. आणि पुढचा उजवा खांदाही त्याने न सांगता स्वतःकडे घेतला.

नरहरीने विचारलं त्याला कारण होतं. त्रिंबकचं घर खालापुराकडच्या चौक गावी, वाडीतून सकाळी निघालं तर दुपारच्या आत पायी पोचता येईल एवढ्यावर. वडील तिथे शाळामास्तर, अंगाने उंच, सगळे त्यांना तात्या म्हणत. गेल्या श्रावणात तात्या गेले. तार मिळाली तसा त्रिंबक निघाला, पण वाटेतल्या नदीला पूर, पायी ओलांडायचा उतार बंद. रात्रभर अलीकडच्या काठावर भिजत बसला आणि पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. खांदा चुलतभावाने दिला, अग्नीही त्यानेच दिला. आई म्हणाली, शेवटपर्यंत विचारत होते, त्रिंबक आला का म्हणून. बिचारी बोलून गेली, मनात काही नव्हतं. पण त्रिंबकच्या काळजात ते जे रुतलं ते रुतलंच. तेराव्यानंतर तो चौकला फिरकला नाही. आई एकटी होती, तरी नाही. इतक्या जवळ येऊन राहिला तरी गेला नाही. तात्या आपल्यावर रागावून गेले का, एवढं एक त्याला कळायला हवं होतं, आणि ते सांगणारं माणूस तर उरलं नव्हतं.

बांबू कोंडाजीनेच तोडून दिले. कशासाठी ते त्याला ठाऊक नव्हतं. शेताच्या कडेला त्रिंबक आडव्या काड्यांना काथ्या आवळत बसला तेव्हा कोंडाजी बैल घेऊन तिथून चालला होता. तो थांबला, बघितलं, आणि बैल दुसऱ्या बांधाने वळवले. संध्याकाळी नरहरी त्याला म्हणाला की वाडीतली चार माणसं खांद्याला मिळाली तर चित्र खरं वाटेल. कोंडाजी चिलमीत बोट घालत राहिला.

"नाय दादा," तो म्हणाला. "तुमी म्हनाल ते काम करू, पन जित्या मान्साला खांदा आमी नाय देनार."

तेव्हा ठरलं की आपणच चौघे. पुढे त्रिंबक आणि वामन, मागे राजे बंधू, थोरला आणि धाकटा. तिरडीवर गोपीनाथ. गोपीनाथ म्हणजे नुसता काडीपैलवान, उचलायला पोरालाही जड नाही, म्हणून तर त्याला नायक केलेला.

३

वाडीतून नदीकडे एक गाडीवाट जाते. अर्ध्यावर चिंचेखाली दगडी ओटा आहे. वाडीतली माणसं आपली मयतं तिथेच टेकवतात, खांदेकरी पुढचे मागे नि मागचे पुढे होतात, आणि मग पुढे नदीकाठचं मसण; विसाव्यावरून मयत कधी मागे आणत नाहीत. हा खराखुरा विसावा. नरहरीने तोच पसंत केला, कारण तिथे ऊन सुरेख पडतं आणि मागे डोंगर अख्खा दिसतो.

सकाळी सुरुवात केली. बांधाच्या वळणावरून तिरडी उचलली. गोपीनाथ डोळे मिटून, अंगावर पांढरं कापड, छातीवर झेंडू. चौघे गंभीर चेहऱ्याने चालत आले आणि ओट्यावर तिरडी टेकवली. झकास झालं. आणि पेस्तन कपाळाला हात लावून म्हणाला, फिल्म आत अडकली, काहीच आलं नाही.

"परत," नरहरी म्हणाला.

आता परत म्हणजे पुन्हा वळणापासून. गोपीनाथने एक डोळा उघडला आणि सांगितलं की मला आता उठवू नका, फुलं छान बसलीत, मला असाच घेऊन चला. इतरांनाही ते सोयीचं वाटलं. त्यांनी तोंडं फिरवली, तिरडी उचलली, आणि विसाव्यावरून मागे वाडीकडे घेऊन गेले. गप्पा मारत गेले. बांधावर एक बाई गवत कापत होती. तिने मान वर करून हे बघितलं, आणि कापलेला भारा तिथेच टाकून ती निघून गेली. तिला कसली घाई झाली म्हणून थोरला राजे हसला.

दुसऱ्या खेपेला मधे कुत्रं शिरलं. परत. तिसऱ्या खेपेला गोपीनाथ उठून बसला आणि खांदेकरी पळाले ते चांगलं आलं, पण चालत येताना वामन कॅमेऱ्यात बघत होता. तेवढा भाग पुन्हा. दर खेपेला तिरडी विसाव्याला टेकत होती आणि दर खेपेला मागे जात होती.

आणि दर खेपेला जड होत होती. पहिल्यांदा थोरला राजे म्हणाला की सोनुबाईच्या भाकऱ्या या काडीला मानवलेल्या दिसतात. मग धाकटा म्हणाला की गोप्या, अंग सोडू नकोस. त्रिंबकने मनाशी हिशेब केला: बांबू ओले आहेत, रात्रीचं दव मुरलंय, काथ्या ताणून बसतोय, आणि आपले खांदे चित्रं काढणाऱ्यांचे आहेत, हमालांचे नव्हेत. हिशेब चोख होता. फक्त खांदा तो मानायला तयार नव्हता.

४

तिसऱ्या खेपेनंतर गोपीनाथला मुंग्या चावल्या. तो तिरडीवरून उतरला, अंग झटकलं, विडी पेटवली आणि वळणाकडे पुढे चालू लागला. चौघांनी रिकामी तिरडी उचलली.

खरं म्हणजे रिकामी तिरडी एकाने काखेत मारून न्यावी. त्यांनी सवयीने चौघांनी उचलली, आणि ती जड होती. आली तेवढीच, कदाचित थोडी अधिक. पांढरं कापड ओट्यावर राहिलं होतं, तिरडीवर पेंढ्याखेरीज काही नव्हतं, आणि बांबू मधोमध वाकले होते.

पुढे गोपीनाथ विडीचा धूर सोडत चालला होता, तो सगळ्यांना दिसत होता. प्रत्येकाला वाटलं की बाकीच्या तिघांनी खांदा ढिला सोडलाय. मग त्रिंबकने मान वळवून मागे बघितलं. धाकट्या राजेचा चेहरा घामाने भिजला होता आणि ओठ पांढरे पडले होते. त्याने त्रिंबककडे बघितलं आणि लगेच खाली बघितलं. चौघेही आपोआप सावकाश चालू लागले, पाय जपून टाकू लागले, खाचखळगे चुकवू लागले. वरच्या माणसाला हिसका बसू नये म्हणून चालतात तसे. वळणावर त्यांनी तिरडी अलगद टेकवली, इतकी अलगद की गोपीनाथने विचारलं, अरे, अंडी ठेवलीत काय?

त्रिंबकला भीती वाटली, नाही असं नाही. पण भीतीच्याही वर दुसरंच काही वाटत होतं. देवळाच्या गाभाऱ्यात अंधारात उभं राहिलं की आवाज आपोआप खाली येतो ना, तसं त्याला झालं होतं. त्याचा खांदा दुखत होता आणि ते दुखणं त्याला हवंसं वाटत होतं. एवढ्यात ढग आले, ऊन गेलं, आणि नरहरी म्हणाला, उरलेलं उद्या.

५

दिवेलागणीला गोपीनाथ त्रिंबकला आडावर गाठून म्हणाला की उद्या मी तिरडीवर झोपणार नाही, नरहरीला काहीतरी कारण सांग. त्रिंबकने खोदून विचारलं तेव्हा त्याने आधी पोहरा दोनदा रिकामाच वर ओढला.

"दुसऱ्या खेपेपासून होतंय," तो हळूच म्हणाला. "मी आडवा झालो की कुणीतरी बाजूला सरकतं. मला जागा करून देतं."

दुसरा कुणी असता तर किंचाळला असता. त्रिंबकने विचारलं, "उंच होतं का माणूस?"

गोपीनाथ पोहरा तसाच सोडून निघून गेला.

पडवीत नरहरी आणि पेस्तन उद्याची आखणी करत होते, आणि वामन भिंतीला टेकून खांदा चोळत बसला होता. हा वामन अबोल मुलगा, लहानपणी आई गेलेली. त्याने कुणी न विचारता सांगायला सुरुवात केली की त्याने आईला खांदा दिला तेव्हा तो इतका लहान होता की त्याच्या बाजूला तिरडी तिरपी झाली होती. खांद्याला सगळं लक्षात राहतं, म्हणाला. आज ते वजन त्याने ओळखलं.

"आईच आहे ती," तो म्हणाला.

त्रिंबक उसळून म्हणाला की काहीतरी बोलू नकोस, बाईमाणसाचं वजन नाही ते, उंच माणूस आहे. वामन म्हणाला, आईच. हा म्हणाला, नाही. दोन शिकलेली, बावीस-तेवीस वर्षांची पोरं, रिकाम्या बांबूंवर कोण आहे यावरून हमरीतुमरीवर आली. थोरला राजे त्यांना आवरायला उठला, पण वामन बोलायचं ते बोलून गेला.

"तू तात्यांना खांदा दिलास कुठे? तुला काय कळणार वजन!"

वामनला आपल्याच बोलण्याचं वाईट वाटलं. तो उठून त्रिंबकजवळ येऊन बसला. त्रिंबकला राग आला नाही. बोलणं खरं होतं, आणि म्हणूनच त्याचा निश्चय झाला. ज्याला विसाव्यावरून मागे आणला, त्याला पुढे नेऊन पोचवायचं. उद्या मधे टेकवायची नाही, नदीपर्यंत न्यायची. आणि वाटेत तात्यांना विचारायचं.

६

सकाळी सगळ्यांच्या आधी त्रिंबक वळणावर गेला. धुकं अजून शेतावर होतं. दव इतकं पडलं होतं की तिरडीचे बांबू ओलेचिंब, काथ्या ओला, कडेचा पेंढाही ओला. फक्त मधला पेंढा कोरडा होता, माणूस झोपून उठावा तेवढाच. तो दबला होता आणि उशाकडे जरा जास्त दबला होता. त्रिंबकने त्या कोरड्या जागेवर तळहात ठेवला. नुकत्याच सोडलेल्या अंथरुणासारखी ऊब होती. त्याने हात तिथेच ठेवला, आणि खाली मान घालून म्हणाला, "तात्या, उशीर झाला." मागून पावलं वाजली म्हणून तो उठला. पेस्तन घोडी खांद्यावर घेऊन येत होता.

नरहरीची युक्ती सोपी होती. उठून बसण्याचा भाग तर मिळालाच होता, आता फक्त चालत येणं समोरून घ्यायचं. त्याला गोपीनाथ कशाला? पेंढ्याचा माणूस करू, वर कापड, वर फुलं. गोपीनाथचा जीव भांड्यात पडला आणि तो चिंचेपासून लांब दगडावर जाऊन बसला. फिल्मचा शेवटचा डबा होता, त्यामुळे नरहरीने बजावलं की आता परत नाही, जे होईल ते एकदाच. हे ऐकून त्रिंबकला बरं वाटलं.

त्याने पेंढ्याची आकृती बांधली आणि एका हाताने उचलून तिरडीवर ठेवली, इतकी ती हलकी. कापड घातलं. मग चौघांनी खांदे लावले आणि नरहरीच्या इशाऱ्यावर उठले, आणि वामनच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. कालच्याहून जड होती.

७

पेस्तनने कॅमेरा विसाव्याच्या पलीकडे, नदीच्या बाजूला वाटेवरच लावला होता, तिरडी समोरून येताना दिसावी म्हणून. नरहरी त्याच्या शेजारी चांदीच्या कागदाचा पुठ्ठा धरून उभा. ऊन खांदेकऱ्यांच्या पाठीवर, आणि पुठ्ठ्याचा झोत तोंडावर.

"चालू!" नरहरी ओरडला. पेस्तनचं गाणं सुरू झालं.

ते निघाले. कुणाला गंभीर व्हायला सांगावं लागलं नाही. खांद्यावर घेतलेल्या तिरडीने पलीकडचा माणूस दिसत नाही, आपला बांबू आणि आपले पाय एवढंच जग. त्रिंबक मनातल्या मनात बोलत होता. नदीला पूर होता तात्या, उतार बंद होता, मी आलो होतो, काठापर्यंत आलो होतो. पाऊल पुढे पडत होतं आणि ओझं वाढत होतं. चिंचेची सावली आली, ओटा आला. इथे थांबायचं होतं.

तो थांबला नाही. बांबूला बांधलेली माणसं ती, एक चालला की सगळे चालणार. नरहरीने भोंग्यातून थांबा म्हटलं, मग नुसतं नाव घेतलं, मग तोही गप्प झाला. विसावा मागे पडला. त्रिंबकच्या डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले, आणि त्याला कळून चुकलं की हे आपल्याच्याने नदीपर्यंत होणार नाही. याही वेळी नाही. त्याला रडू फुटलं.

तेवढ्यात मागून त्याच्या खांद्यावर हलकेच दोन थापा पडल्या. मयताला गेलेल्या कुणालाही त्या ठाऊक असतात. दमलेल्या खांदेकऱ्याला मागचा माणूस तशा थापा देतो, म्हणजे याने बाजूला व्हायचं आणि त्याने खांदा घ्यायचा. बोलायचं नसतं. अंगाला ते इतकं सवयीचं की त्रिंबक विचार न करता मान काढून उजवीकडे बाहेर पडला. बाहेर पडला आणि मग त्याच्या लक्षात आलं की मागे कुणीच नव्हतं. मागे राजे बंधू खांदा देत होते. गोपीनाथ दगडावर होता. नरहरी आणि पेस्तन समोर.

तिरडी तसूभरही कलली नाही. आहे तशी सपाट पुढे चालली होती.

त्याने बघायला मान उचलली आणि पुठ्ठ्याचा झोत सरळ डोळ्यांत आला. सगळं पांढरं झालं. त्या पांढऱ्यात त्याला एवढंच दिसलं की एक हात बांबूवर आहे, बोटांना खडूचा पांढरेपणा आहे, आणि मागे रुळणारं उपरण्याचं टोक वाऱ्याने हलतंय. मग धाकटा राजे मान खाली घालून त्याच्या शेजारून निघून गेला आणि तिरडीने सगळं झाकलं.

पेस्तनचं गाणं थांबलं होतं. कधी, ते कुणाला कळलं नाही.

८

त्रिंबक धावत नदीवर पोचला तेव्हा तिरडी वाळूवर टेकली होती, आणि तिघे तिच्याभोवती उभे होते. धाकट्या राजेने एका बाजूने ती सहज उचलून बघितली. पेंढा होता, दुसरं काही नव्हतं. वामन हात जोडून नदीकडे तोंड करून उभा राहिला होता आणि त्याचे ओठ हलत होते.

धाकट्या राजेने त्रिंबककडे बघितलं. तो बिचारा साध्या मनाने म्हणाला, "बूट कधी घातलेस परत? विसाव्यानंतर सबंध वाट माझ्यापुढे तुझे अनवाणी पाय दिसत होते."

त्रिंबकने बूट काढलेच नव्हते. तो माघारी वाटेवर गेला. पेस्तन कॅमेऱ्याशेजारी उभा होता आणि त्याच्या हातात त्याची काळी टोपी होती. उन्हातान्हात, चहा पितानासुद्धा डोक्यावरून न उतरणारी ती टोपी. नरहरी पुठ्ठा जमिनीवर टाकून लांब जाऊन बसला होता. तो तोंड झाकून असल्याने त्याने काय पाहिलं, काय नाही, देव जाणे.

"मी हँडल थांबवलं," पेस्तन म्हणाला. "माफ कर, बाबा. दुसऱ्याच्या घरचं ते. फिरवायला हात होईना."

तिरडी त्याच्याकडे समोरून आली होती. जे त्रिंबकला पाठीमागूनही धड दिसलं नाही ते त्याने तोंडासमोर बघितलं होतं. त्रिंबकने विचारलं, "रागावलेले होते का?"

पेस्तनने टोपी बोटांत फिरवली. खोटं बोलायचं नव्हतं त्याला.

"नाय रे. ओझं घेतलेला माणूस रागवेल कशाला? खाली बघून चालत होते. पाय कुठे पडतो ते बघत, जपून. तुझ्यासारखेच चालत होते."

त्रिंबक तिथेच वाटेवर बसला आणि ढसाढसा रडला. श्रावणापासून आवळून धरलेलं सगळं रडला. पेस्तन जवळ बसून राहिला. चिंचेत पाखरं बोलू लागली, घाटाखाली इंजिनाने धाप टाकली, ऊन चांगलंच वर आलं. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं त्रिंबकला झालं. रागावले नाहीत. आपण दमलो तेव्हा खांदा घ्यायला आले. त्याने तोंड पुसलं, आणि पुसता पुसता त्याचा हात थांबला.

तात्या तिरडीवर नव्हतेच. तात्या खांदा द्यायला आले होते. शेजारपाजारच्या, ओळखीच्या माणसाला कुणीही खांदा देतं. पण इथवर यायचं, मुलाला बाजूला काढायचं आणि स्वतः ओझं घ्यायचं, असं कुणासाठी येतील तात्या? उभ्या जन्मात त्यांनी कुणाचं ओझं आपलं म्हणून घेतलं होतं? आणि मुलाला बाजूला काढला तो कशाला? दमला म्हणून, की त्याने इथे वेळ घालवू नये म्हणून? वामन काल म्हणाला होता, आईच आहे ती.

तो उठला. पेस्तनने विचारलं, काय झालं. त्रिंबकचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आई एकटी आहे," तो म्हणाला, आणि चौकच्या वाटेला लागला. पहिली काही पावलं चालला, मग पळत सुटला. बांधावर कोंडाजी बैल पाजून येत होता. त्याने बैल बाजूला घेऊन वाट मोकळी करून दिली, आणि पळणाऱ्या पोराला कुठे चाललास असं काही विचारलं नाही.